‘नाही’ आणि ‘थांब’

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी डबा भरत होते, तेवढ्यात नितेश सरांचा फोन. सर इतक्या सकाळी फोन करतात म्हणजे कुठेतरी काशी झालेली असते. सात नंबरच्या पेटीच्या गावात काल दुपारी उधाणाचं पाणी खारात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातजमिनीत, शिरलं. पन्नासेक एकर भात खाऱ्या पाण्याखाली. आणि पेटी वाजलीच नाही.

वाजलीच नाही! पाणी आत चढलं की भोंगा वाजवायचा, त्या पेटीला जगात एवढं एकच काम आहे.

रोह्याहून गाडी अर्धा तास उशिरा. नागोठण्याला उभी, कासूला उभी. पाठ आधीच धरलेली. पेणला ऑफिसात पोचले — ऑफिस कसलं, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि सर, दिशा नि मी अशी तीन माणसं — तर दिशा स्क्रीनसमोर बसलेली, तोंड एवढंसं. म्हणाली, काल आकडा हललेलाच नाही. शून्य. हिरवा दिवा. म्हणजे आमच्या पेटीच्या मते काल खारात थेंब नव्हता.

आता शून्य हे काही वावगं नाही, तोच तर घोळ. पेटी बसते उघाडीवर, म्हणजे बांधातल्या लाकडी झडपांच्या दारावर. ओहोटीला खारातलं पाणी त्यातून बाहेर जातं, भरती आली की झडप पाण्याच्या दाबानंच मिटते. (दोन वर्षांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या रोह्याकडचे बांध गोड्या पाण्याचे.) आमचा सेन्सर झडपेच्या आतल्या अंगाला, नेहमीच्या पाण्याच्या हातभर वर. सगळं ठीक असेल तर तो कोरडा, आकडा शून्य. झडपेत काही अडकलं नि पाणी आत चढलं की आकडा वाढतो, भोंगा वाजतो, लोक धावतात. काल झडपेत ओंडका अडकला होता. भोंगा गप्प.

पेटी आकडा बदलला तरच इकडे कळवते, बॅटरी वाचावी म्हणून. त्यामुळे काल ती चालू होती की बंद, हेही इथे बसून कळत नाही.

सर म्हणतात, उंदरांनी वायर कुरतडली असेल. उद्या जाऊन बघायचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जाऊन आले. पाय चिखलात जाऊन जाऊन पोटऱ्या भरून आल्यात.

भात निसवून दाणा भरायला आलं होतं. अजून उभं आहे, हिरवं आहे. पण बांधावरच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या त्यावरून कळत होतं की ते गेलं. चार दिवसांनी पिवळं पडेल म्हणाल्या.

वायर धड. सेन्सर धड. बादलीत बुडवला तर भोंगा असा काही बोंबलला की दिशाने कानांवर हात ठेवले. मग धनेशनं — हा खार कमिटीचा अध्यक्ष, माझ्याच वयाचा, रागावलाय पण तोंड सोडत नाही — पेटीच्या बुडाशी असलेलं बटण दाखवलं. हे कशाला? मी म्हटलं, दुरुस्तीच्या वेळी बंद करायला. तो म्हणाला, परवा संध्याकाळी मी पेटी उघडली तेव्हा हे बंद होतं.

तेव्हा मागे उभे असलेले गुणाजी पुढे आले. उघाडीचे राखणदार. साठीच्या पुढचे, बत्तीस वर्षं हेच काम. कुणी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं — ते रोज ओहोटी लागली की पेटी बंद करतात नि भरतीच्या आधी चालू करतात. जूनपासून, रोज. पूर्वी बांधावर कंदील असायचा. तो भरतीपुरता लावायचा, ओहोटीला विझवायचा. पेटीलाही तोच नियम! पावसाळ्यात ऊन नाही, ओहोटीला उगाच बॅटरी कशाला जाळायची.

झालं. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. बुधवारी दहाच्या सुमाराला पेटी चालू करून ते पेणला डोळे दाखवायला गेले होते, मोतीबिंदू आहे. उधाणाच्या दिवशी बत्तीस वर्षांत त्यांनी उघाडी सोडली नव्हती. यंदा पेटी आहे म्हणून सोडली. चार वाजता आले तर खार भरलेला. पाणी तर आत आलंच, आता ही कशाला, म्हणून बटण दाबलं. असं त्यांचं म्हणणं.

‘चालू केली व्हती मी,’ एवढंच परत परत. मोठ्यानं नाही. ऐकणारं कुणी नव्हतं.

सरांना फोन केला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडलेला फोनवरून ऐकू आला. म्हणजे माणसाची चूक! खरं लिहायचं तर मलाही बरं वाटलं. बांध उतरताना पायसुद्धा हलके पडले. लिहिताना लाज वाटतेय.

पेटीतलं नोंदींचं कार्ड काढून आणलंय, पर्समध्ये पडलंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

सरांनी रिपोर्ट माझ्याच गळ्यात मारला. ‘वापरकर्त्याच्या हाताळणीतील त्रुटी.’ सोमवारपर्यंत. नवऱ्याची, विशालची दुसरी शिफ्ट, तो धाटावला प्लँटवर निघाला तेव्हा मी दारात चप्पल काढत होते. ‘जेवण झाकून ठेवलंय.’ आमचा संसार म्हणजे हे एक वाक्य.

१२ ऑक्टोबर, रविवार

कपडे, भांडी, झोप. संध्याकाळी सरांचा मेसेज — कमिटीनं गुणाजींना काढलं. देवळात सगळ्यांसमोर नाव घेऊन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रिपोर्ट लिहायला बसले. म्हटलं, बटण कधी बंद होतं ती वेळ तरी नीट घालू. कार्ड लावलं.

बुधवार, ८ तारीख. चालू — दहा वाजून बारा मिनिटं. बंद — चार वाजून वीस.

तीनदा वाचलं. दिशाला वाचायला लावलं. दहा बारापासून चार वीसपर्यंत पेटी चालू होती. पाणी चढलं ते बाराच्या पुढे. पेटी चालू होती, सेन्सर पाण्यात होता आणि कार्डावर सहा तास शून्य, शून्य, शून्य.

म्हातारा खरं बोलत होता.

मग बसून मोजलं. जूनपासून पेटी दोनशे एकतीस वेळा चालू झालीय. आम्ही ऑफिसात काय करतो? एकदा चालू करतो नि महिनाभर टेबलावर ठेवून देतो. चार महिन्यांत आमच्या हातून पेटी चालू झाली असेल पाच-सहा वेळा. गुणाजींच्या हातून रोज दोनदा.

सरांना सांगितलं नाही. आधी कळू तर दे काय ते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून एकच धंदा. टेबलावर पेटी, सेन्सर बादलीत. चालू कर, भोंगा वाजला, बंद कर. वहीवर काडी. चालू कर, भोंगा, बंद कर, काडी. खालचा भांडीवाला दोनदा वर येऊन गेला, दिशाने त्याला चहा पाजून परत पाठवला.

तेविसाव्या वेळी भोंगा वाजला नाही. सेन्सर पाण्यात, आकडा शून्य, दिवा हिरवा. मी नि दिशा नुसत्या बघत बसलो. तिला वाटलं पाणी सांडलं, तिनं बादलीत हात घालून बघितला.

मग कोड उघडला. सापडायला पाच मिनिटं लागली, कारण चूक अवघड नव्हतीच. ड्रायव्हर म्हणजे सेन्सरला चालवणारा कोडचा तुकडा. पेटी चालू झाली की तो आधी विचारतो, या सेन्सरला वेगळा वीजपुरवठा आहे का? जुन्या बोर्डांवर तो नव्हता, नव्यांवर आहे. म्हणून त्याला ऑप्शनल म्हणायचं — असला तर घे, नसला तर तसाच पुढे जा. याला उत्तरं तीन येऊ शकतात. ‘आहे, घे.’ ‘नाहीच.’ आणि तिसरं — ‘आहे, पण अजून तयार नाही. थांब, परत विचार.’ पुरवठा देणाऱ्या चिपला जागं व्हायला कधीकधी जरासा उशीर होतो, तेव्हा हे तिसरं येतं.

आणि कोडमध्ये काय लिहिलंय? ‘आहे’ आलं तर घे. बाकी काहीही आलं तर ‘नाही’ धर नि पुढे चल.

बाकी काहीही! म्हणजे ‘थांब’सुद्धा ‘नाही’. मग सेन्सरला वीजच मिळत नाही. तो आंधळा बसतो नि शून्य सांगतो. आणि आमच्याकडे शून्य म्हणजे सगळं आलबेल.

कुणी लिहिलंय ते शेजारीच दिसतं. सुरभी. गेल्या वर्षीचा मार्च. मी. तो दिवस मला आठवतसुद्धा नाही. घाईत असेन. गाडी चुकत असेल. ‘ऑप्शनलच आहे ना, नसलं तरी चालतं’ — असंच काहीतरी मनाशी म्हटलं असेल.

दिशा उठली. बादली नेऊन मोरीत ओतली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सरांना सांगितलं. दार लावून, काड्यांची वही समोर ठेवून.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला नि डोळे चोळत बसले. मग म्हणाले, दुरुस्त कर, अपडेट पाठव, विषय संपव. मी विचारलं, आणि रिपोर्ट? तर म्हणाले, रिपोर्टमध्ये खोटं काय आहे? त्यानं रोज बंद-चालू केली नसती तर हे झालंच नसतं. हो की नाही?

हो. तेच तर. अर्धं खरं आहे.

पुढच्या महिन्यात आणखी चाळीस पेट्यांचं काम मिळायचंय. ते गेलं तर या दोन खोल्या गेल्या, मी गेले, दिशा गेली. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात महिनाभर घरून काम करू दिलं, एका शब्दानं बोलले नाहीत. ‘एकच केस आहे, सुरभी,’ म्हणाले. ‘सव्वीस पेट्यांत एक.’

मी मान हलवली. काय म्हणून हलवली देव जाणे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज व्हायला नको होतं ते झालं. दुपारी जिन्यावर पावलं वाजली, धापा टाकत एक बाई वर. हातात पिशवी, पिशवीत भाजी. ठमाबाई, गुणाजींची बायको. बाजाराला आले होते, चढले वर, म्हणाली. सर बाहेर गेलेले. दिशाने खुर्ची दिली, ती बसली नाही.

तक्रार केली नाही. भांडली नाही. सांगत होती ते इतर गोष्टींचं — नळावर बायका तिची कळशी लागली की गप्प होतात. तिच्या नवऱ्यानं अंथरूण धरलंय, ताप नाही काही नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याच्या जागी धनेशच्या चुलत्याला ठेवलंय, त्याला भरती कधी लागते ते मोबाईलमध्ये बघावं लागतं. हे सांगताना जरा हसलीसुद्धा. मग म्हणाली —

‘तुमच्या मशीनमधलं मागचं दिसतं म्हनतात. मग येवढंच बघून सांग गो. त्यांनी चालू केली व्हती का नाय.’

दिशा माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्या टेबलावर होतं. दहा वाजून बारा मिनिटं. छापलेला कागद होता, नुसता उचलून द्यायचा होता.

मी म्हटलं, ‘बघते.’

ती बरं म्हणाली नि पिशवीतून दोन काकड्या काढून टेबलावर ठेवून गेली.

दिशा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. काकड्या तिनंही खाल्ल्या नाहीत, मीही नाही. खाली भांडीवाल्याला देऊन टाकल्या. थू माझ्यावर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. दारात पणती लावली, तेवढंच.

कोड दुरुस्त केला. आता ‘नाहीच’ आलं तरच वीज न घेता पुढे जायचं. ‘थांब’ आलं तर थांबायचं नि परत विचारायचं. भलतंच काही आलं तर बिघाड आहे असं ओरडायचं, हिरवा दिवा दाखवायचा नाही. सहा ओळी. सहा! दोघींनी मिळून दोनशे वेळा चालू-बंद केली, दोनशे वेळा भोंगा वाजला. माझा अंगठा सुजलाय.

विशालची आज सुट्टी. त्याला सगळं सांगितलं, जेवताना. तो प्लँटवर मीटरच बघतो दिवसभर. म्हणाला, आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, मीटर शून्यावर दिसलं तर आधी मीटरला टिचकी मारायची, मग विश्वास ठेवायचा. मग परत भात वाढून घेतला नि म्हणाला, नोकरी गेली तर बघू काय ते.

त्यानं असं म्हणायला नको होतं. आता माझ्याकडे सबब उरली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सरांनी रिपोर्ट स्वतः लिहिला. सहीला माझ्यापुढे ठेवला. सही केली नाही. दिवाळीनंतर बघू म्हणाले नि मिठाईचा बॉक्स हातात दिला.

२० ऑक्टोबर, सोमवार

अभ्यंगस्नान. उटण्याचा वास. दिवसभर झोप येते नि झोपले की जाग येते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ओवाळताना भाऊ म्हणाला, चेहरा काय झालाय तुझा. जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन धनेशला फोन लावला. शनिवारी देवळात दहा मिनिटं द्या म्हटलं, सगळ्यांना बोलवा. कशासाठी? पेटीबद्दल. तो म्हणाला, गुणाजीकाकांना पण? मी म्हटलं, ते नसतील तर मी येऊन काही उपयोग नाही.

सरांना अजून सांगितलेलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकते, नाहीतर उद्यापर्यंत मीच त्यात फेरफार करेन.

पेणहून रिक्षा केली. मांडीवर पेटी, पायाशी बादली. दिशा पण आली, न विचारता. पेटीत मुद्दाम जुना, चुकलेला कोड ठेवला होता. देवळात साठ-सत्तर माणसं, बायका खांबाच्या पलीकडे. गुणाजी सगळ्यांच्या मागे, दाराशी. दाढी वाढलेली. धनेशनं त्यांना पुढे बोलावलं तर आले नाहीत.

आधी कागद वाचला. आठ तारीख, दहा वाजून बारा मिनिटांनी चालू. मग म्हटलं, काका खरं बोलत होते. पेटी चालू होती. पेटी आंधळी होती आणि ती चूक पेटी बनवणाऱ्याची, म्हणजे माझी.

कुजबुज. कुणीतरी मागून म्हणालं, कंपनीनं पाठवलीय, गोड बोलायला. एक बाई म्हणाली, चालू असती तर वाजली असती की! हे मला अपेक्षित होतं. मी बादली भरून मागितली, सेन्सर आत सोडला नि गुणाजींना म्हटलं, तुम्ही रोज जसं करता तसंच करा. चालू, बंद, चालू, बंद.

आता ते पुढे आले. पेटीजवळ उकिडवे बसले. डोळ्याला नीट दिसत नाही, पण बोट बरोबर बटणावर.

चालू. भोंगा. बंद. बायका मोजायला लागल्या. देवळात तो आवाज म्हणजे डोकं उठतं. दहापर्यंत सगळे हसत होते. विसापर्यंत गप्प झाले. माझ्या पाठीतून घाम. ऑफिसात तेविसाव्यांदा झालं होतं, पण त्याला काही नियम थोडाच आहे, शंभरदा करूनही कदाचित होणार नाही. पंचवीस. भोंगा. तीस. भोंगा. म्हातारी माणसं उठून बाहेर जायला लागली. पस्तिसाव्याला धनेश माझ्याजवळ आला, हळू म्हणाला, ताई राहू द्या आता. गुणाजींनी मान वर केली नाही. त्यांचं बोट चालूच.

सदतीस. चालू.

काही नाही.

बादली भरलेली, सेन्सर तळाला, पेटीवर शून्य नि हिरवा दिवा. कुणीतरी मोजलेला आकडा तसाच हवेत राहिला.  ठमाबाई खांबाआडून उठली, आली, बादलीत हात घातला नि ओला हात वर करून सगळ्या बायकांना दाखवला. 

मग मी त्यांना सांगितलं, जसं जमेल तसं. पेटी उठली की सेन्सरसाठी वीज मागते. कधीकधी उत्तर येतं, थांब, देतो. मी तिला शिकवलं होतं की ‘हो’ नाही आलं तर ‘नाही’ समज. ती थांबलीच नाही. मला वाटलं होतं कुणाला कळणार नाही. सगळ्यांना कळलं. एक आजोबा म्हणाले, म्हंजे बोलावणं धाडलं, माणूस चप्पल घालत व्हता, नि तुमी दार लावून निघून गेलात. अगदी तेच.

धनेशनं सगळ्यांसमोर गुणाजींना म्हटलं, काका, उद्यापासून या.  गुणाजी अजून पेटीजवळच बसलेले. त्यांनी मला विचारलं —

‘मी रोज बंद-चालू केली नसती, तर?’

मी म्हटलं, तर कदाचित झालं नसतं.

‘म्हंजे थोडं माझंबी हाय.’ हे त्यांनी धनेशकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. मग बटणावर बोट ठेवून मला म्हणाले, ‘पन हे ठेवलंय तर मानूस दाबनारच.’

भाताचं काय, हे कुणीतरी विचारलंच.  पंचनामा झालाय म्हणाले. जमिनीत मुरलेलं मीठ उतरायला दोन पावसाळे जातील. मी कितीही खरं बोलले तरी तेवढं मात्र तसंच राहणार.

रिक्षात दिशा रडली. मला रडायचं त्राण नव्हतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सरांना सकाळीच सांगितलं. धनेशनं आधीच फोन केलेला. ‘मला सांगून जायचं होतंस,’ एवढंच म्हणाले. बरोबर आहे. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं, हेही बरोबर आहे.

काढलं नाही. का नाही काढलं ते कळत नाही. चाळीस पेट्यांचं अजून हो-नाही काही नाही.

मी दोन गोष्टी मागितल्या. अपडेट सगळ्या सव्वीस पेट्यांना आजच. आणि सव्वीस गावांना पत्र. पत्र कशाला, म्हणाले, एकच तर केस होती. मी लिहून पुढे ठेवलं: ‘पेटी शून्य दाखवत असताना ती प्रत्यक्षात मोजत नव्हती, असे काही वेळा झालेले असू शकते.’ त्यांनी ते वाक्य खोडलं. मी परत लिहिलं. मग सही केली. त्यांनी नि मी, दोघांनी. खाली माझा नंबर.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पत्रं टाकली. अपडेट पंचवीस पेट्यांना पोचलं, एकीला रेंज नाही. पाठ परत धरलीय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी फोन. कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातून, बाईचा आवाज. शांती नाव. पत्र मिळालं म्हणाली, मुलीनं दोनदा वाचून दाखवलं. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांच्याकडे खार भरला होता. तिचा नवरा सखा तिथला राखणदार. चालू केली होती, चालू केली होती, म्हणत राहिला. गावानं काढलं त्याला. आमच्याकडे तक्रार आलीच नव्हती, कारण पेटीवर कुणाला संशयच नव्हता.

मी म्हटलं, उद्याच येते, त्यांना समोर बसून सांगते.

‘ते गेले, माघात,’ ती म्हणाली. ‘तरी या. गावाला सांगा.’